रिझर्व्हला लावून बघितलं का?

"रिझर्व्हला लावून बघितलं का, मास्तर?"

मी असं विचारलं आणि गॅरेजात बसलेली झाडून सगळी माणसं हसली. शेडगे मास्तर दारात गाडीचं हँडल धरून उभे. घामाघूम झालेले, चष्मा नाकावर घसरलेला. उजव्या हाताच्या बोटांना खडूचा पांढरेपणा, तो त्यांच्या हाताचा रविवारीसुद्धा जायचा नाही.

"चेष्टा नको गोरख. टाकीत पेट्रोल आहे. हलवून बघ."

मी टाकी हलवली. आत डुचमळलं. मग एकच किक मारली आणि गाडी फटदिशी सुरू झाली. मी हात झटकले.

"घ्या. आता काय म्हणणं?"

"इथं सुरू होते रे. घाटातल्या दगडी खांबाच्या वळणावर बंद पडते. तिथं किका मारत उभं राहून काय होणार, म्हणून उताराला तशीच सोडून परत आलो. तिसरी खेप आहे ही."

"मग खांबाला दाखवा की गाडी. मला कशाला दाखवताय?"

परत हशा. मास्तरही कसनुसं हसले, गाडीवर बसले आणि गेले. मला मात्र त्या दिवशी फार बरं वाटलं होतं. चारचौघांत टाळी मिळाली की मला चढायची, हे आधीच सांगून टाकतो.

ही एक्क्याण्णव-ब्याण्णव सालची गोष्ट. करवंदीच्या घाटाच्या पायथ्याला आमचा फाटा, आणि फाट्यावर माझं एकट्याचंच गॅरेज. घाट चढून वर गेलं की माची. मास्तर राहायला फाट्यावर आणि शाळा माचीवर, म्हणून रोज घाट चढणं आलंच. तेव्हाच्या गाड्यांना टाकीखाली एक पितळी कॉक असायचा. पेट्रोल खाली गेलं, गाडी आचके द्यायला लागली, की तो कॉक रिझर्व्हला फिरवायचा. तळाशी राहिलेलं लीटरभर पेट्रोल मिळायचं आणि माणूस पंपापर्यंत पोचायचा. विसरभोळा माणूस कॉक फिरवायचं विसरायचा आणि गाडी ढकलत यायचा. मास्तर दिसायला विसरभोळे, म्हणून मी त्यांच्यावर तो शिक्का मारला. तेवढ्यावर थांबलो नाही. कुणाचं पेट्रोल वाटेत संपलं की मी म्हणायचो, "मास्तर झालं काय?" बघता बघता सगळा फाटा तसंच म्हणायला लागला. पंपावरची पोरं म्हणायची, एस्टीचे ड्रायव्हर म्हणायचे. मास्तरांच्या पोराला शाळेत म्हणायचे, हे मला पुढं कळलं.

आणि खरं सांगू का, मास्तरांच्या गाडीत मी तपासायचं काही ठेवलंच नव्हतं. प्लग बदलला, कार्बोरेटर धुतला, पॉइंट घासले. टाकीपासून कार्बोरेटरपर्यंत पेट्रोल आणणारा रबरी पाइप तडकला होता, तोसुद्धा महिन्याभरापूर्वी नवाकोरा टाकलेला. सपाटीवर पाच किलोमीटर पळवून बघितली, सोन्यासारखी गाडी. घाट चढून बघायला मात्र गेलो नाही. एवढा वेळ होता कुणाला?

त्यानंतर आठव्या दिवशी, माघातल्या एका सकाळी दहाच्या सुमाराला, मास्तर खांबाच्या वळणावर गेले. चढाला गाडी रस्त्याच्या मधोमध बंद पडली. मागून भाजीचा टेम्पो वळण घेऊन आला, त्याला ती दिसायच्या आतच सगळं संपलं होतं.

चेंदामेंदा झालेली गाडी ट्रॅक्टरच्या ट्रॉलीतून माझ्याकडंच आणली. टाकी फाटलेली, पेट्रोल कधीच सांडून गेलेलं. पंचनाम्याला हवालदार आले. त्यांनी विचारलं, "काय वाटतं मिस्त्री? गाडी कशानं बंद पडली असंल?"

मी म्हणालो, "पेट्रोल संपलं असणार. रिझर्व्हला लावायचं राहिलं. सवयच होती त्यांची."

हवालदारांनी लिहून घेतलं. गाडीच्या गिअरखाली मास्तरांची एक चप्पल चेपून बसली होती, डाव्या पायाची. हवालदार गेल्यावर मी ती ओढून काढली. काय करावं सुचेना, म्हणून जुन्या नट-बोल्टांच्या खोक्यात टाकली. सांगाडा मागच्या पत्र्याच्या शेडमध्ये ढकलून दिला.

चौदावा झाल्यावर कुसुमवहिनी आल्या, मास्तरांच्या मंडळी. दारातच थांबल्या.

"गोरखभाऊ, ते पेट्रोल बघितल्याशिवाय घराबाहेर पडत नव्हते. रोज काडी बुडवून बघायचे. तुम्ही एकदा गाडी नीट बघा ना. लोक म्हणतात, आपल्या वेंधळेपणानं गेला. पोराला ऐकवत नाही हो."

"वहिनी, बघितली मी. तसं काही नाही त्यात."

त्यांनी मागच्या शेडकडं एकदा बघितलं. मग गेल्या. त्या बाईला परत पाठवताना माझी मान वर झाली नाही, एवढं मला अजून आठवतं.

सहा-सात महिने गेले. भादव्यात गौरी उठल्यावर सोपान येडगे नावाचा गवळी आला. पलीकडच्या खोऱ्यातला माणूस, दुधाच्या घागरी घेऊन हा घाट नुकताच धरलेला. त्याची गाडी टू-स्ट्रोक.

आता या टू-स्ट्रोकचं सांगतो. गाड्यांच्या जाती असतात आणि जातीगणिक आजार ठरलेले असतात. टू-स्ट्रोक भडक डोक्याची. तापली की पिस्टन जाम, ऑइल जास्त झालं की प्लग काळा, सायलेन्सरमध्ये काजळी बसली की दम कोंडतो. पण जे करेल ते एकदम करेल, आधी सांगणार नाही. शंभर सीसीची फोर-स्ट्रोक म्हणजे सोशीक सून. महिना महिना कुरकुरत राहील, टायमिंग चेन वाजवील, निळा धूर काढील, पण घरी आणून सोडील. आणि ती साडेतीनशेची जडशीळ गाडी म्हणजे जुना जमीनदार. किक उलटी मारून पाय मोडील, पॉइंट बिघडवील, टॅपेट खडखडवील, ऑइल गाळीत बसेल. आवाज ऐकून दुरून सांगायचो मी कुठली गाडी आली आणि तिला काय झालंय ते. स्क्रूड्रायव्हरचं टोक इंजिनाला आणि मूठ कानाला लावली की आतलं सगळं ऐकू यायचं. त्या कानावर माझं पोट होतं आणि सगळा तोराही.

"काय झालं सोपाननाना?"

"बंद पडली की वो. घाटात. खांब हाय न्हवं दगडी, तितं."

मी पाना खाली ठेवला. "आणि?"

"आणि काय? एक जण आला तितं. चस्मेवाला. म्हनला, रिझर्व्हला लावून बघितलं का? म्या लावलं. तरी न्हाई झाली. तो म्हनला, गाडी कडंला घ्या आदी. घेतली. टेम्पो गेला न्हवं भुर्रकन अंगावरनं! मग धा मिंटानं झाली आपसूक चालू."

मी हसलो. ते वाक्य फाट्यावर सगळ्यांच्याच तोंडात होतं. कुणीतरी वाटसरू असेल. सायलेन्सर काढला, जाळून काजळी झाडली, दिला लावून.

बारा दिवसांनी विम्याचे एजंट कुलथे आले. जिल्ह्याच्या गावचा माणूस, महिन्यातून एकदा माचीला जायचा. आमचा फाटा आणि फाट्यावरची चेष्टा त्यांना ठाऊक असायचं काही कारण नव्हतं. गाडी शंभर सीसीची, फोर-स्ट्रोक.

"त्या दगडी खांबापाशी एकदम बंद. आचका नाही, काही नाही," ते म्हणाले. "एक गृहस्थ भेटले बरं का. फार सज्जन. रिझर्व्हला लावून बघितलं का, असं विचारलं त्यांनी. मी म्हटलं, पेट्रोल भरपूर आहे. तर म्हणाले, माझ्याहीकडे होतं."

"कसे होते दिसायला?"

"चष्मा. मध्यम वय. मला हात दिला गाडी कडेला घ्यायला. माझ्या बाहीला पांढरं लागलं, हे बघा. चुना की काय कोण जाणे."

त्यांच्या करड्या शर्टाच्या बाहीवर बोटांचे चार पांढरे ठसे होते. मी ते नीट बघितले नाहीत. खरं म्हणजे बघवले नाहीत. खाली बसून कार्बोरेटर खोलला. त्यात कचऱ्याचा कण नव्हता. टायमिंग चेन ऐकली, व्हॉल्व्ह ऐकले. स्क्रूड्रायव्हर कानाला लावून कितीतरी वेळ बसलो. इंजिन तब्येतीत चाललं होतं.

त्या रात्री मी बायकोला काही बोललो नाही. जेवलो मात्र नाही.

मग आली खंडेनवमी. आमच्या धंद्यातला मोठा सण. आदल्या दिवशी सगळी हत्यारं रॉकेलनं धुऊन घ्यायची, सकाळी पाटावर मांडायची, हळदकुंकू, झेंडूची फुलं वाहायची. त्या दिवशी हत्याराला हात लावायचा नाही. गिऱ्हाईक कितीही नडलं तरी पाना उचलायचा नाही. माझ्या बापानं कधी उचलला नव्हता, मीही उचलला नव्हता. गॅरेजातल्या सगळ्या गाड्यांनाही हार घातलेले.

दहाच्या सुमाराला थोरला भाऊ जालिंदर आला. त्याला माझी गाडी हवी होती. माझी मुलगी वैजू सहा वर्षांची. तिचं आजोळ माचीवर, दसऱ्याला तिला तिथं पोचवायचं होतं. वैजू नवा झगा घालून, टाकीवर पुढं बसली. हँडलला हार, तिच्या वेणीत हार.

"आप्पा, सोनं घेऊन येते उद्या!" ती ओरडली. दादानं किक मारली आणि गाडी घाटाकडं वळली.

ती वळतेय तोवर समोरून साडेतीनशेचा धप धप आवाज आला. सुभेदार मोहिते. पलटणीतून उन्हाळ्यात निवृत्त होऊन वरच्या अंगाच्या एका वस्तीवर येऊन राहिले होते.

"सुभेदारसाहेब, आज पान्याला हात लावत नाही. चहा घ्या, पेढा घ्या."

"ठाऊक आहे मला. पूजा आमच्याकडेही असते शस्त्रांची. गाडी ठेवून जातो, परवा बघ. काल बंद पडली खांबाच्या वळणावर."

मी हातातला कप खाली ठेवला.

"तिथं कुणी भेटलं का?"

सुभेदार माझ्याकडं बघायला लागले. "तुला कसं ठाऊक? भेटला एक माणूस. चष्मेवाला. रिझर्व्हला लावून बघितलं का म्हणाला. मी म्हटलं, बाबा रे, तीस वर्षं गाड्या चालवतोय. मग माझं लक्ष त्याच्या पायाकडं गेलं. एकाच पायात चप्पल. खडी तापलेली, आणि हा अनवाणी एका पायानं उभा. म्हटलं, दुसरी कुठाय? तर म्हणाला, डावी गॅरेजात राहिलीय."

ती चप्पल मी कुणालाच दाखवली नव्हती. हवालदारांनी बघितली नव्हती, बायकोला माहीत नव्हती. माझ्या पाठीमागं दहा हातांवर, नट-बोल्टांच्या खोक्यात ती पडून होती.

"अरे, घाम का फुटलाय तुला? बरा आहेस ना?"

"साहेब, ही तिसरी गाडी. आधी एक टू-स्ट्रोक, मग एक शंभर सीसी, आता तुमची. एकाच जागी."

सुभेदार कप खाली ठेवून नीट बसले. "असं होणार नाही. माझी गाडी दुप्पट पेट्रोल पिते. पेट्रोल तुटत असेल तर ती खालच्या दुसऱ्या वळणावरच बंद पडायला हवी. शंभर सीसी तर माचीपर्यंत जाईल. तिघी एका जागी कशा?"

"तेच मला कळत नाही."

"तिघींत एक काय आहे ते बघ. इंजिन तर एक नाही."

मी बोटं मोजायला लागलो. प्लग तिघींचे वेगळे. कार्बोरेटर वेगळे. ऑइल वेगळं. सोपान पेट्रोल भरतो खोऱ्यात, कुलथे जिल्ह्याला, सुभेदार इथं. एकीचं एकीला लागेल असं काही नव्हतं. गाडीत असा कुठला भाग असतो जो सगळ्या जातींना चालतो?

आणि माझी नजर भिंतीवरच्या खिळ्याकडं गेली. खिळा मोकळा होता.

त्या खिळ्याला पेट्रोलच्या पाइपचं भेंडोळं लटकत असायचं. पाच वीत काळा रबरी पाइप, गेल्या पौषात बाजारातून आणलेला, स्वस्तात मिळाला म्हणून. त्यातला पहिला वीतभर तुकडा कापून मास्तरांच्या गाडीला बसवला होता. नंतर दुसरा माल आला आणि हे भेंडोळं तसंच राहिलं. श्रावणात दुकानातला पाइप संपला तेव्हा खिळ्यावरून काढलं. सोपानची गाडी, कुलथ्यांची गाडी, सुभेदारांची गाडी. प्रत्येकाला मी स्वतः कापून बसवला होता. आणि नवा पाइप म्हटल्यावर त्याच्यावर संशय घ्यायचं कुठल्याही मिस्त्रीच्या मनात येत नाही. जुनं बिघडतं, नवं कसं बिघडेल?

मी उठलो. पाटावर झेंडूच्या फुलांत ठेवलेली पाइप कापायची सुरी उचलली.

"अरे, आज हात लावायचा नाही ना?" सुभेदार म्हणाले.

मी मागच्या शेडमध्ये गेलो. मास्तरांच्या गाडीचा पाइप अजून कार्बोरेटरला लोंबत होता. उपटला आणि उभा चिरला. बाहेरून चकचकीत, नवाकोरा. आतून मात्र अस्तर सुटून पदर पडलेला. पेट्रोलनं फुगून, तापून तो पदर आडवा यायचा आणि नळी बुजायची. चढाला इंजिन जास्त पेट्रोल मागायचं, तेवढं मिळायचं नाही, गाडी बंद. दहा मिनिटं थांबलं, थंड झालं, की पेट्रोल थेंब थेंब करून उतरायचं आणि एका किकला गाडी सुरू. कॉक रिझर्व्हला फिरवून काय होणार होतं? रिझर्व्हचं पेट्रोलही त्याच नळीतून यायचं.

बाहेर येऊन सुभेदारांच्या गाडीचा पाइप चिरला. तसाच पदर. तिघी एकाच खांबापाशी का, ते मात्र पाइप सांगत नव्हता.

"सापडलं की!" सुभेदार म्हणाले. "मग असा का बघतोस?"

"साहेब, पाच वीत होता. शेवटचा तुकडा उरला होता," मी म्हणालो. "तो मी माझ्या गाडीला टाकला. आत्ता गेली ना, हार घातलेली? तिला."

कुणाची तरी स्कूटर उभी होती, हार घालून. ती घेतली आणि निघालो. सहा किलोमीटर घाट. मी देवाचं नाव घेतलं नाही, खोटं कशाला सांगू. प्रत्येक वळणाला मी एकच म्हणत होतो, मास्तर, माझं काय ते माझ्याशी, पोरीचं नको. मास्तर, तुमच्या पाया पडतो, पोरीचं नको. वरून एक ट्रक उतरत आला, लाकडं भरलेला, भरधाव. त्याच्या पुढच्या बंपरला झेंडूची फुलं अडकलेली होती. सणाचा दिवस, सगळ्याच गाड्यांना फुलं. पण ती बघताना माझी स्कूटर कठड्याला घासली.

खांबाचं वळण आलं. ऊन रणरणत होतं, रस्ता मोकळा. रस्त्याच्या मधोमध काळे टायर ओढल्याच्या खुणा होत्या, ताज्या. आणि वळणाच्या आत, दगडी खांबाच्या मागं, माझी गाडी स्टँडवर लावलेली. कठड्यावर दादा बसलेला, पांढराफटक. त्याच्या शेजारी वैजू पाय हलवत पेरू खात होती.

मी तिला उचलली. झगा, हात, पाय, सगळं चाचपून बघितलं. ती म्हणाली, "आप्पा, टोचतंय."

"वाचलो गोरख," दादा म्हणाला. "बंद पडली इथं मधोमध. मी किका मारत बसलो होतो. ही पोरगी एकदम टाकीवरून उतरली आणि माझा शर्ट ओढायला लागली, कडेला चला, कडेला चला. ऐकेचना, रडायला लागली. घेतली कडेला आणि वरून ट्रक आला. इथून गेला, इथून!"

"तुला कुणी सांगितलं गं, कडेला चला म्हणून?" मी विचारलं.

"काकांनी. चष्मेवाल्या."

"कोण काका?" दादा म्हणाला. "इथं चिटपाखरू नव्हतं. मघापासून हेच चाललंय हिचं."

दादा मास्तरांना चांगलं ओळखायचा. त्याला कुणी दिसलं नव्हतं.

वैजूनं पेरूचा हात झग्याला पुसला. "त्यांनी मला पेरू दिला. आणि म्हणाले, तुझ्या आप्पाला निरोप सांग."

"काय निरोप?"

तिनं कविता म्हणून दाखवावी तसं सरळ उभं राहून सांगितलं, "मी रिझर्व्हला लावलं होतं."

मी तिथंच रस्त्यावर बसलो.

आता जे आजवर सांगितलं नाही ते सांगतो. ट्रॉलीतून ती गाडी आली तेव्हा हवालदार बाहेर पान खात उभे होते. मी एकटाच गाडीपाशी होतो. मी पहिल्यांदा बघितला तो कॉक. कॉक रिझर्व्हलाच होता. बंद पडलेल्या गाडीवर बसून, मागून टेम्पो येत असताना, त्या माणसानं मी चारचौघांत शिकवलेलं सगळ्यात आधी केलं होतं. मग गाडी बंद का पडली, हा सवाल माझ्यावर येणार होता. तीन वेळा आलेला माणूस मी हसून परत पाठवला होता. मी इकडंतिकडं बघितलं आणि दोन बोटांनी तो कॉक फिरवून ऑनला, म्हणजे नेहमीच्या जागी, केला. मग हवालदारांना आत बोलावलं.

एवढंच केलं मी. दोन बोटांचं काम.

वैजूला दादाबरोबर चालत माचीला पाठवलं. फाट्यावर आलो, खोकं उपसलं, चप्पल काढली आणि तसाच मास्तरांच्या घरी गेलो. कुसुमवहिनी दारात तोरण बांधत होत्या. त्यांच्या हातात चप्पल दिली आणि उभ्या उभ्या सगळं सांगितलं. पाइप, कॉक, सगळं. कुठं आवाज चोरला नाही.

वहिनी आत गेल्या. परत आल्या तेव्हा त्यांच्या हातात दुसरी चप्पल होती, उजवी, पुसून ठेवलेली. दोन्ही उंबऱ्याशी शेजारी शेजारी ठेवल्या. रडल्या नाहीत. मला शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

"मला कशाला सांगताय गोरखभाऊ?" त्या म्हणाल्या. "मला ठाऊकच होतं. जिथं हसला होतात, तिथं सांगा."

दुसऱ्या दिवशी दसरा. संध्याकाळी सगळा फाटा शिवेवर आपट्याची पानं द्यायला गोळा होतो. पंपावरची पोरं, ड्रायव्हर, हवालदार, सोपान गवळी, सगळे होते. मास्तरांचा पोरगा आईच्या शेजारी उभा होता. मी ढोल थांबवायला लावला आणि सांगितलं. मास्तरांकडं पेट्रोल होतं. मास्तरांनी रिझर्व्हला लावलं होतं. गाडी मी मारली आणि माणूसही मीच मारला. शेवटपर्यंत बोललो. कुणी हसलं नाही. कुणी मला सोनंही दिलं नाही. मास्तरांच्या पोरानं तेवढं दिलं, आईनं कोपरानं ढोसलं म्हणून.

हवालदारांनी पंचनामा पुन्हा लिहिला. सोपानचा आणि कुलथ्यांचा पाइप मी घरी जाऊन बदलून आलो. खांबापाशी नंतर कुणाची गाडी बंद पडल्याचं ऐकलं नाही आणि कुणाला चष्मेवाला भेटलाही नाही. मी स्वतः कितीदा त्या वळणावर गाडी बंद करून उभा राहिलो. कुणी आलं नाही.

आता कॉकवाल्या गाड्या गेल्या. वैजूला दोन पोरं आहेत, तिला यातलं काही आठवत नाही. पण आमच्या फाट्यावर शब्द अजून टिकून आहेत. वाटेत पेट्रोल संपलं की "मास्तर झालं" असं आता कुणी म्हणत नाही. मिस्त्रीला गाडीतला दोष सापडला नाही आणि त्यानं तो गिऱ्हाइकाच्या माथी मारला, की पोरं म्हणतात, "गोरख झालं." माझ्यासमोरच म्हणतात. मी पान्याला हात पुसत ऐकतो आणि गाडी घाटात चढवून बघायला निघतो.